गिटार एक, स्पीकर दोन कशाला?

(आमच्या रेडिओवरील वाद्यांच्या मालिकेतले भाषण)

गटाची बैठक आटोपून निवांत बसलेल्यांना नमस्कार आणि ज्यांचे हात अजून पिठात आहेत त्यांनाही नमस्कार. मागच्या वेळी आपण संबळाबद्दल बोललो. आज विषय जरा लांबचा वाटेल, पण तो आम्ही शोधून आणलेला नाही, तुमच्यातूनच आला आहे. एका मावशींनी विचारलं आहे, की पोरीला बास गिटार वाजवायची आहे, बँडमधली मुलं म्हणतात दोन ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर हवेत, त्याला स्टीरिओ म्हणतात. मावशींचं म्हणणं असं, की गटातून कर्ज काढायचं तर आधी आम्हाला कळलं पाहिजे, गिटार एक असताना स्पीकर दोन कशाला?

प्रश्न रास्त आहे. पैशाचा तर आहेच, पण त्यात जिवाचाही प्रश्न दडलेला आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

आधी ही बास गिटार म्हणजे काय ते पाहू. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लांब मानेची, जाड तारांची गिटार घेऊन एक जण मागे उभा असतो. गाणाऱ्याकडे सगळे बघतात, त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण तो थांबला की गाणं पोकळ वाटायला लागतं. तंबोऱ्यात खर्जाची तार जे काम करते तेच काम इथे आहे, फरक इतकाच की हा खर्ज चालता असतो, गाण्याच्या पायाखालून तो पुढे पुढे जातो. तारा चार. सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्याने १९५१ साली प्रिसिजन बास नावाची गिटार बाजारात आणली आणि तिच्यामुळे हे वाद्य जगभर पसरलं. त्याआधी खर्जासाठी माणसाएवढं उंच, उभं राहून वाजवायचं लाकडी वाद्य लागायचं. ते वाहून नेताना माणूस दमायचा आणि कर्ण्यांच्या गोंगाटात त्याचा आवाजही बुडायचा.

आणि हे काही पुरुषांचंच वाद्य नव्हे बरं का. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के नावाच्या बाई स्टुडिओत साधी गिटार वाजवायच्या. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बास वाजवणारा आलाच नाही, तेव्हा बाईंनी त्याची जागा घेतली, ती कायमची. पुढे कितीतरी नावाजलेल्या गाण्यांत आणि सिनेमांत त्यांचीच बास आहे. आपल्याकडे मुंबईची मोहिनी डे आहे. वडीलच बासवादक, त्यांच्याकडून लहानपणीच शिकली, आणि ए. आर. रहमान यांच्यासारख्यांबरोबर तिने वाजवलं आहे. तेव्हा मावशी, पोरीचा हट्ट जगावेगळा नाही.

आता दोन स्पीकरचं. तबला-डग्गा डोळ्यांसमोर आणा. माणूस एकच, पण उजव्या हाताला टीप आणि डाव्या हाताला खर्ज. संबळाचंही तसंच, एक भांडं मोठं, एक लहान. दोन्ही आवाज एकाच भांड्यातून काढायला गेलो तर दोन्ही धड निघणार नाहीत. बास गिटारीच्या एकाच तारेतही असे दोन आवाज एकत्र राहतात. एक खालचा, जाड, पोटात जाणवणारा. दुसरा वरचा, तार बोटाने किंवा नखीने छेडली जाते तेव्हाचा टणत्कार. हे दोन आवाज वेगळे करून वेगळ्या ॲम्प्लिफायरला आणि वेगळ्या स्पीकरला द्यायचे, ही सगळी कल्पना एवढीच आहे.

ते वेगळे होतात कसे? गिटारीच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी. वर पोलादी तार थरथरली की गुंडाळीत अगदी क्षीण वीज उमटते. बऱ्याच बास गिटारींना असे दोन पिकअप असतात, एक मानेकडे आणि एक शेपटीकडे, जिथे तारा अडकवलेल्या असतात तिथे. आता वलणीची दोरी आठवा. मधोमध धरून हलवली तर केवढी झोके घेते, आणि खुंटीपाशी जेमतेम हलते. तारेचंही तसंच. मानेकडचा पिकअप मोठा झोका पकडतो, म्हणून त्याचा आवाज गोल आणि भरदार. खुंटीकडचा बारीक थरथर पकडतो, त्याचा आवाज धारदार. एरवी हे दोन्ही आवाज गिटारीतच मिसळून एका वायरीतून बाहेर येतात.

अमेरिकेतल्या रिकनबॅकर कंपनीने त्यांना वेगळी वाट करून दिली. त्यांच्या बास गिटारींतली ४००१ ही फार गाजली, ती १९६१ साली आली. या गिटारींवर तुम्हाला दोन भोकं दिसतील. एक नेहमीचं, दुसऱ्याला त्यांनी रिक-ओ-साउंड असं नाव दिलं. दुसऱ्या भोकात तीन भागांची पिन लावायची, जिच्यावर दोन काळ्या रेघा असतात ती. वायर पुढे जाऊन दुभंगते, मानेकडचा आवाज एका ॲम्प्लिफायरला आणि शेपटीकडचा दुसऱ्याला. एक काळी रेघ असलेली साधी पिन या भोकात घातली तर एका पिकअपचा आवाज बंद होतो आणि गिटार बिघडली असं वाटतं. जुनी गिटार विकत घेताना हे माहीत असू द्या. दुकानदार हे बिघाड म्हणून दाखवील किंवा बिघाड असेल तर लपवील, दोन्ही बाजूंनी फसायला होतं.

या पद्धतीचा सगळ्यांत नावाजलेला वादक म्हणजे इंग्लंडचा ख्रिस स्क्वायर, येस या बँडचा. तरुणपणी लंडनच्या बूझी अँड हॉक्स या वाद्यांच्या दुकानात तो नोकरीला होता आणि तिथेच त्याने रिकनबॅकर बास घेतली. ती मुळात एका वाटेची होती, तिची जोडणी बदलून त्याने दोन वाटा केल्या. खालचा आवाज बासच्या ॲम्प्लिफायरला दिला आणि वरचा साध्या गिटारीच्या ॲम्प्लिफायरला. गिटारीचा ॲम्प्लिफायर जोरात चालवला की आवाज किंचित फाटतो, करवतीसारखा खरखरीत होतो. तेवढाच खरखरीतपणा त्याला वर हवा होता, पण खालचा खर्ज मात्र स्वच्छ, गाळलेल्या ताकासारखा. दोन्ही एका ॲम्प्लिफायरमधून काढले असते तर खर्जच आधी फाटला असता, कारण खर्जाला ताकद जास्त लागते आणि ॲम्प्लिफायरचा दम तोच खाऊन टाकतो. मग वरचे सूर त्या गढूळ आवाजात बुडतात. द हू या बँडचा जॉन एंटविसलही खर्ज आणि टीप अशी वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरमधून काढायचा. त्याच्या बोटांची चपळाई गोंगाटातही कळायची, त्याचं एक कारण हे.

याची अगदी टोकाची गोष्ट अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडची. १९७४ साली त्यांनी स्टेजच्या मागे स्पीकरांची भिंतच उभी केली. शेकडो स्पीकर, दोन-तीन मजली घराएवढी उंची. त्यात फिल लेश या बासवादकाच्या चार तारांचा आवाज चार वेगळ्या वाटांनी नेण्याची सोय होती, म्हणजे एकेका तारेला आपापले स्पीकर. ही भिंत उभी करायला इतका वेळ लागायचा की त्यांनी दोन सांगाडे केले होते. एका गावात कार्यक्रम चालू असताना दुसरा सांगाडा पुढच्या गावी उभा राहायचा. माणसं, ट्रक, डिझेल… त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ती भिंत बंद केली. खर्च झेपेना. आवाज फार सुंदर होता असं ऐकणारे आजही सांगतात, पण हिशेब ठेवणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने तो सहा महिने आधीच थांबवला असता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही. आपल्या गावच्या साउंडवाल्याकडे बघा. खाली मोठे ‘बेस’, वर छोटे ‘टॉप’. मध्ये क्रॉसओव्हर नावाची पेटी. ती आवाज चाळणीसारखा गाळते, जाड खाली, बारीक वर, आणि दोघांना वेगळे ॲम्प्लिफायर असतात. मुलं बँडमध्ये जे करू पाहतात ते हेच. बास गिटारीला दोन पिकअपच्या दोन वाटा नसल्या, तरी अशी पेटी लावून तिचा आवाज दोन भागांत गाळता येतो. तेव्हा ज्या गटांचा मंडप-साउंडचा धंदा आहे, त्यांच्या घरात या विद्येची निम्मी सामग्री आधीच आहे.

एक गोष्ट मात्र मुलींना नीट समजावून सांगा. स्टीरिओ म्हटलं की त्यांना वाटतं, एक स्पीकर स्टेजच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. बाससाठी ते बहुतेक वेळा नुकसानीचं असतं. खालच्या आवाजाची लाट फार लांब असते. ४१ थरथरींच्या त्या जाड तारेची एक लाट सुमारे सव्वाआठ मीटर, म्हणजे २७ फुटांच्या आसपास. दोन लांबलांबच्या स्पीकरांतून तोच खर्ज सोडला आणि ऐकणारी बाई एका स्पीकरापेक्षा दुसऱ्याच्या १४ फूट जवळ बसली, तर एका लाटेचा चढ दुसरीच्या उतारावर येतो. दोन्ही लाटा एकमेकींना खातात. तिच्या जागेवर खर्ज जवळजवळ गायब, आणि चार पावलं पुढे बसलेलीला मात्र पोट हलेपर्यंत ऐकू येतो. शिवाय इतका खालचा आवाज कुठून येतो ते आपल्या कानांना नीट कळतही नाही, मग दोन बाजूंना वाटून उपयोग काय? म्हणून खर्ज एकाच जागी ठेवावा, मधोमध. टीपवाला छोटा स्पीकर त्याच्यावर किंवा अगदी शेजारी. हवंच असेल तर फक्त टीप थोडी बाजूला न्यावी.

आणि दोन्ही शेजारी ठेवूनही आवाज पातळ वाटला, तर बहुधा एका स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या असतात. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. हे तपासणं सोपं आहे. स्पीकरची वायर ॲम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवायची आणि साधा पेन्सिल सेल तिच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. स्पीकरचा कागद किंचित हलतो. सेलची अधिकची बाजू वायरीच्या अधिकच्या टोकाला असताना दोन्ही स्पीकर बाहेरच्या बाजूला हलले तर जोडणी बरोबर. एक आत गेला तर त्याच्या वायरी बदलायच्या. सेल क्षणभरच, धरून ठेवायचा नाही.

आता जिवाचं.

एका गिटारीला दोन ॲम्प्लिफायर जोडले की नव्वद टक्के जागी पहिली तक्रार एकच येते. घूंऽऽऽ. वाजवत नसतानाही स्पीकर घुमत राहतो. आपल्या विजेची गती सेकंदाला ५० फेऱ्यांची, आणि बासच्या जाड तारेवरचा खालचा एक सूर ४९ चा. म्हणजे ही घूं बासच्या अंगणातच येऊन बसते, झाकता झाकत नाही. ती येते कशाने? दोन्ही ॲम्प्लिफायरच्या प्लगला अर्थिंग आहे, आणि गिटारीच्या वायरीच्या वरच्या जाळीनेही दोघं जोडले गेले. अर्थिंगचं एक वेटोळं तयार झालं. त्यात विजेचा बारीक झरा फिरतो आणि आवाजात उतरतो. एक ॲम्प्लिफायर या खोलीच्या बोर्डात आणि दुसरा त्या खोलीच्या बोर्डात लावला असेल तर जास्तच.

यावर आपल्याकडे सर्रास एक उपाय केला जातो. कितीतरी मंडपांत आम्ही तो डोळ्यांनी पाहिला आहे. एका प्लगची वरची जाड पिन तोडायची, नाहीतर तिची आतली वायर काढून टाकायची. घूं लगेच थांबते. करणारा म्हणतो, बघा, झालं. पण ती वरची जाड पिन म्हणजेच अर्थिंग. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, कारण प्लग घालताना तिने सगळ्यांत आधी लागायचं असतं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटायचं असतं. ॲम्प्लिफायरच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्टची वीज त्या पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन तोडली की तीच वीज वायरीवरून गिटारीच्या तारांपर्यंत येऊन थांबते आणि वाट बघते. वादकाचा एक हात तारांवर. गाताना ओठ किंवा दुसरा हात माइकच्या दांड्यावर, जो दुसऱ्या मशीनच्या अर्थिंगला जोडलेला. वाट मिळाली, आणि ती थेट छातीतून. त्यात पाय ओल्या जमिनीवर, अनवाणी. आपल्याकडे पूजा, भजन, हळद, सगळीकडे बाया अनवाणीच असतात.

ही भीती घालण्यासाठी रचलेली गोष्ट नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी गावात स्टेजवरच गेला. माइकला अर्थिंग नव्हतं, त्याने त्याला हात लावला. पुढे १९७६ साली द यार्डबर्ड्स या बँडचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी गिटार वाजवताना गेला, तिथेही अर्थिंगचाच दोष होता. ही नावाजलेली माणसं, म्हणून आपल्याला माहीत आहेत.

मग घूं घालवायची कशी? सुरुवात फुकटच्या उपायाने करायची. दोन्ही ॲम्प्लिफायर एकाच बोर्डात, एकाच तीन पिनी एक्स्टेन्शनवर लावायचे. बऱ्याचदा तेवढ्यानेच आवाज निम्म्यावर येतो. उरलेल्यासाठी एक छोटी पेटी मिळते. दुकानात आयसोलेशन असलेला स्प्लिटर मागायचा, नुसता स्प्लिटर नव्हे. तिच्या आत सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज चुंबकाच्या जोरावर पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींना लागत नाहीत. वेटोळं तुटतं आणि अर्थिंगची पिन जागच्या जागी राहते. अशा पेट्यांवर ग्राउंड लिफ्ट नावाचं बटण असतं, ते दाबायला हरकत नाही. ते फक्त आवाजाच्या वायरीची जाळी सोडतं, विजेच्या प्लगला हात लावत नाही. नावाने घोटाळा होतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

मंडपात जनरेटर असेल तर अर्थिंगचा रॉड जमिनीत ठोकला आहे ना, ते बघायचं. गटाचा साउंडचा धंदा असेल तर बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, परवाना असलेल्या वायरमनकडूनच. वीज अंगातून गळायला लागली तर ती डोळ्याची पापणी लवण्याच्या आत लाइन तोडते. कार्यक्रमाआधी माइकच्या जाळीला, गिटारीच्या तारेला आणि प्रत्येक मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा. कुठेही लुकलुकला तर कार्यक्रम थांबवायचा. पाहुणे खोळंबले तरी चालतील. आणि टेस्टर लुकलुकला नाही म्हणून पिन तोडलेली चालेल, असं मुळीच नाही.

उरलं पैशाचं. मावशी, आमचं मत विचाराल तर पोरीला आधी एक गिटार आणि एकच चांगला बासचा ॲम्प्लिफायर घेऊन द्या. शिकायला दुसरा लागत नाही. बहुतेक हॉलमध्ये आणि मंडपात शेवटी सगळा आवाज साउंडवाल्याच्या एकाच मिक्सरमधून जातो आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरांना सारखाच मिळतो. तिथे स्टेजवर दोन ॲम्प्लिफायर मांडून समोरच्या बाईला काहीच वेगळं ऐकू येणार नाही. दुसरा घ्यायचा तो मुलगी स्वतः सांगू शकेल तेव्हा, की मला खाली स्वच्छ आणि वर खरखरीत हवं आहे, आणि एका मशीनमध्ये ते जमत नाही. तेव्हाही दोन्ही सारखे घेऊ नका. खर्जाला जास्त वॅटचा आणि १५ इंची स्पीकर असलेला, टिपेला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या ताकदीचा आणि १० इंचीवाला पुरतो. आणि दुसरा मशीन विकत घेण्याआधी तो एकदा भाड्याने आणून ऐका. ज्या गावात बेस-टॉप भाड्याने मिळतात तिथे एका संध्याकाळचं भाडं देऊन कर्जाचा निर्णय लागतो.

दोन ॲम्प्लिफायरच्या वायरी एकाच स्पीकरला कधी जोडायच्या नाहीत, दोन्ही जळतील. गिटारीची बारीक वायर स्पीकरला लावायची नाही, ती तापते. स्पीकरला जाड दोन तारी वायर वेगळी असते.

पुढच्या गुरुवारी तुणतुणं. गोंधळ्यांच्या घरातल्या एक आजी येणार आहेत, त्या स्वतःच वाजवून दाखवतील. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी बुधवारपर्यंत गटाच्या वहीत लिहून ठेवा. नमस्कार.